पाण्याच्या दिवशी वस्तीत जाऊ नका

सोलापुरात कुणाच्या दारी काही कामासाठी जायचं तर आधी विचारून घ्यावं, आज तुमच्याकडं पाणी आहे का? आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. त्या दोन तासांत घरातली बाई कुणाचीच नसते. महापालिकेच्या शाळेत २९ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले आणि परगावाहून आलेल्या लेकरांसाठी काहीतरी करायचं म्हणून पहिल्यांदा वस्तीत गेले, ती नेमकी पाण्याच्या दिवशी. हातात नवी कोरी वही, कानामागं पेन. गल्लीभर घागरी, निळे ड्रम, मोटारींची घरघर. एका बाईनं माझ्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं आणि सरळ हातात पाइप दिली. "धरा ओ बाई जरा, लेकरू रडायलंय."

तासभर पाइप धरली. पातळ भिजलं, वही भिजली, एक नाव लिहून झालं नाही. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मात्र त्या गल्लीतल्या सहा घरांत "पाइपवाल्या बाई आल्या" म्हणून चहा ठेवला गेला.

आता भिशीतल्या मैत्रिणी, गणपती मंडळातली पोरं, माझ्यासारखेच निवृत्त झालेले दोन-चार जण विचारतात, आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कशी करायची? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. यात माझं थोडं आहे आणि बरंचसं शिकागोच्या जेन अ‍ॅडम्स नावाच्या बाईचं आहे. समाजकार्य शिकणारी एक मुलगी माझ्याकडं फील्डवर्कला यायची, तिच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात या बाईंची ओळख झाली. १८८९ च्या सप्टेंबरात जेन आणि तिची मैत्रीण एलन स्टार हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात राहायला गेल्या. त्याचं नाव हल हाऊस. भोवती इटालियन, जर्मन, आयरिश, पोलंड-रशियातून आलेले ज्यू. सगळे पोटामागं आलेले, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. वाचताना मला वाटलं, अगं हा तर आपला पूर्वभागच की! माझे ताता, म्हणजे आजोबा, तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले, आई आयुष्यभर विड्या वळत आली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी. जेनला १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. पण मला तिच्या पारितोषिकापेक्षा तिच्या चुका जास्त कामी आल्या. तिनं त्या स्वतःच लिहून ठेवल्यात.

तर सुरुवात.

वहीच्या आधी कॅलेंडर हातात घ्या. लोक कधी येतात आणि कधी जातात हे ठाऊक नसेल तर सगळं काम फुकट जातं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या भागात उतरतात आणि मार्चपर्यंत बहुतेक उलटतात. वीटभट्ट्या पाऊस थांबल्यावर पेटतात, त्यांची माणसं पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत असतात. बांधकामावरची कलबुर्गी-विजयपूरकडची कुटुंबं वर्षभर असतात, पण सणाला गावी गेली की आठ-पंधरा दिवस दिसत नाहीत. आपली मंडळं मात्र उत्साहानं जूनमध्ये वह्या वाटतात, तेव्हा खोप्या रिकाम्या असतात. म्हणून सप्टेंबरअखेर तयारी पुरी करा आणि होळीनंतर नवीन काही सुरू करू नका. तेव्हा फक्त पाठवणी. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

मग वही. हल हाऊसच्या बायकांनी आपल्या भागातल्या प्रत्येक घरात कोण राहतं, कुठल्या देशातलं, आठवड्याला किती कमावतं, हे विचारून रंगीत नकाशे केले. १८९५ साली ते छापले. त्यातली फ्लॉरेन्स केली ही पक्की हिशेबी बाई. तिनं कोंदट खोल्यांतल्या शिवणकामाची आणि त्यात राबणाऱ्या पोरांची माहिती दारोदार फिरून जमवली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी करणारा कायदा झाला, त्यामागं हे खेटे होते. पुढं तीच राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक झाली.

आपल्याला नकाशा छापायचा नाही. दोनशे पानी वही पुरे, एका गल्लीला किंवा एका टोळीला चार पानं. पहिल्या भेटीत जात विचारू नका, कमाई विचारू नका, आधार कार्ड तर अजिबात मागू नका. कागद मागितला की माणूस गप्प होतो. एवढंच लिहा: मुलाचं नाव, घरात कुठली भाषा बोलतात, मूळ गाव आणि तालुका, शेवटची शाळा कुठली, लसीचं कार्ड आहे का, परत कधी जाणार. वय विचारलंत तर आई म्हणेल, "असेल की सात-आठ." तिला विचारा, कोरोनात हा अंगावर पीत होता की चालत होता? हिशेब लगेच जमतो. याच्याआधीच्या पिढीला मी किल्लारीचा भूकंप विचारायची.

माझ्या वहीत शेवटचा रकाना आहे: "धाकटं कोण सांभाळतं?" तो पहिल्या वर्षी नव्हता. का आला ते जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस हमखास इथंच घसरतो.

पहिल्या वर्षी मी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. वह्या, पेन्सिली, दप्तरं कुणीकुणी आणून दिली होती. नुसतं फुकट वाटायचं नाही, मुलांना सवय लागली पाहिजे, असा बाणा. म्हणून नियम केला: सलग १५ दिवस येईल त्यालाच दप्तर. फळ्यावर नावं, नावांपुढं टिंबं. नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा दोन दिवस यायचा, तीन दिवस दांडी. हुशार. पाढा एकदा ऐकला की पाठ. महिनाअखेर दप्तरं वाटली, त्याला दिलं नाही. म्हटलं, नियम म्हणजे नियम, पुढच्या महिन्यात मिळव. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

आठवडाभरानं मी त्याच्या पालावर गेले. आई-बाप भट्टीवर. हा दारात उकिडवा बसलेला, कडेवर दीड वर्षाची बहीण. तिच्या नाकाला शेंबूड आणि मुठीत भाकरीचा चघळलेला तुकडा. त्याच्या मांडीवर पाटी होती. ती तिच्या हाताला लागू नये म्हणून त्यानं गुडघा वर करून उभी धरली होती आणि तिरक्या हातानं आकडे लिहीत होता. सतराचा पाढा. वर्गात मी तेरापर्यंतच आणलं होतं. बहीण झोपली तर तो वर्गाला यायचा, नाही झोपली तर नाही. माझ्या टिंबांत हे कुठं दिसणार?

शिकागोतली गोष्ट याच्याहून वाईट आहे. १८९३ च्या थंडीत मंदी आली. हल हाऊसनं मदत केंद्र उघडलं. जेन तेव्हा दानधर्माचे नियम नुकतेच शिकली होती: काम मिळत असेल तर आधी काम करावं, मगच मदत मागावी. मालाच्या नोंदी ठेवणारा एक कारकून नोकरी गेली म्हणून आला. शहराच्या कालव्यावर खोदकाम चालू होतं. जेननं त्याला तिकडं जायला सुचवलं. तो म्हणाला, मी जन्मभर आत बसून काम केलंय, थंडीत बाहेरचं काम मला झेपायचं नाही. ती नियमावर अडून राहिली. तो गेला, दोन दिवस त्यानं खोदलं, न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात वारला. त्याच्या दोन मुलांवर ती पुढं कितीतरी वर्षं लक्ष ठेवून होती. तिनं लिहिलंय की ती मुलं दिसली की आपला तो नियम आठवल्याशिवाय राहत नाही.

माझ्या पोराचं एवढं काही झालं नाही, एक दप्तर हुकलं. पण त्या दिवसापासून मी वाटपाचे नियम फळ्यावर लिहीत नाही. काही वाटायचं असेल तर आधी घरी जाऊन या.

आणि वर्गाच्या आधी पाळणाघराचं बघा. जेनच्या शेजारी आया कामावर जाताना लेकरांना खोलीत कोंडून जायच्या. तिला तिथं सगळ्यात आधी भेटलेली तीन अपंग मुलं अशीच जायबंदी झालेली: एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेलं, एक भाजलेलं आणि तिसऱ्याच्या पाठीला बाक आलेला, कारण तीन वर्षं ते दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधलेलं असायचं. आपल्याकडं लेकराला साडीच्या झोळीत टाकतात आणि मोठ्या भावंडाच्या स्वाधीन करतात. भावंडाची शाळा तिथंच संपते.

पाळणाघर म्हणजे लगेच इमारत लागते असं काही नाही. आधी जवळच्या अंगणवाडीत जा. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या बाळाचं नाव कुठल्याही अंगणवाडीत घालता येतं, गावचं नाव आड येत नाही. सेविकाताईंशी अदबीनं बोला. त्यांच्या डोक्यावर मोबाइलमधल्या नोंदींचा डोंगर असतो, त्यात आपण आणखी दहा लेकरं घेऊन उभे. मी पहिल्या दिवशी लेकरांची नावं, अंदाजे जन्मतारखा आणि आईचं नाव सुवाच्य अक्षरात लिहूनच नेते, म्हणजे त्यांना फक्त भरायचं राहतं. लसीचं बाळाच्या कार्डावर बघून आशाताईंना सांगायचं. कार्ड हरवलेलं असतंच, पण दंडावर बीसीजीची खूण दिसते. बाकी पाच-सहा वर्षांखालची तीन-चार लेकरं दुपारी सांभाळायला वस्तीतलीच एखादी आजी तयार होते. तिला मानधन द्या. फुकट सेवा मागू नका, तिचेही गुडघे दुखतात.

आता शाळेत नाव घालणं. यात मी मुरलेय, म्हणून जरा लांबण लावते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरताना कायदा पिशवीत ठेवा. आधी नमस्कार, मग चहा, मग पट. पटसंख्या म्हटली की शिक्षकाचे कान टवकारतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! "सर, पाच मुलं आहेत, उद्यापासून बसवते" अशी सुरुवात करा. "प्रवेश मिळेल का" असं विचारलंत की नाही म्हणायची सोय आपणच करून देतो. दहातले सात जण हो म्हणतात. उरलेले तीन जण दाखला, जन्माचा पुरावा आणि आधार मागतात. मग पिशवी उघडा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. कलम ४ सांगतं, कधी शाळेत न गेलेलं किंवा मधूनच सुटलेलं मूल वयानुसार योग्य त्या वर्गात बसवायचं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही. कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं. आणि कलम १५, जे फार कुणाला माहीत नसतं: वर्ष निम्म्यावर आलं तरी प्रवेश द्यावाच लागतो. नोव्हेंबरात उतरणाऱ्या टोळीसाठी हे कलम सोन्याचं आहे. चारी कलमांची मराठी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्याजवळ कायम असते. आधार नाही म्हणूनही नाव अडत नाही.

हे कळायला मला एक वर्ष लागलं आणि किंमत दुसऱ्यानं मोजली. एका शाळेत सांगितलं, दाखला आणा मग बघू. मीही बापाला म्हटलं, आणा मग. तो गाव गाठून आला. जाऊन-येऊन तीन दिवस. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असते, एकाचा खाडा झाला की दोघांचा खाडा, वर मुकादमाच्या उचलीत ते दिवस धरले गेले. दाखला घेऊन आला तेव्हा कळलं की तो लागतच नव्हता. त्या बापाला मी अजून तोंड दाखवायला कचरते.

शिवाय गावच्या शाळेतलं नाव कापून दाखला आणणं पुष्कळदा नुकसानीचंच असतं. चार महिन्यांनी पोरगं परत तिथंच जाणार. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं. गावच्या शाळेनं ते दिलं की इथली शाळा मुलाला बसवून घेते आणि परत जाताना इथं काय शिकला ते त्यावर लिहून देते. गावच्या गुरुजींना फोन लावा, पत्रकाचा फोटो मोबाइलवर मागवा. बहुतेक गुरुजींना बरं वाटतं की पोर कुठं आहे याचा पत्ता लागला. अर्ज मात्र नेहमी दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. शिक्का नसला तर सही आणि तारीख.

माध्यमाचाही विचार करा. आपल्या सोलापुरात मराठी, उर्दू, कानडी, तेलुगू, चारी माध्यमांच्या शाळा आहेत, हे भाग्य प्रत्येक शहराला नाही. कर्नाटकातून आलेल्या पोराला कानडी शाळा जवळ असेल तर तिथं घाला. केवळ तुमची शाळा मराठी आहे म्हणून त्याला ओढू नका.

खाण्याबद्दल एक गंमत. हल हाऊसनं शेजाऱ्यांसाठी मोठ्या शास्त्रोक्त पद्धतीनं पौष्टिक जेवणाचं स्वयंपाकघर उघडलं. सूप, उकडलेल्या भाज्या, सगळं मोजूनमापून. खपेना. एक बाई म्हणाली, अन्न पौष्टिक असेल हो, पण मला आपलं मला आवडतं तेच खायचंय. मी हे वाचायच्या आधीच सोयाबीन घातलेली खिचडी करून बसले होते. दोन दिवस मुलांनी सभ्यपणे खाल्ली, तिसऱ्या दिवशी कुत्री गल्ली सोडून आमच्या वर्गाबाहेर येऊन बसली. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुरू केली. कडक भाकरी टिकते, गॅस लागत नाही, चटणीत शेंगदाण्याचं पोषण आपसूक येतं आणि भाकऱ्या करणाऱ्या बाईला दोन पैसे मिळतात. शाळेत नाव लागलं की दुपारचा आहार मिळतोच, पाचवीपर्यंत रोजचे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. घरच्या रेशनसाठी त्यांना सांगा, कार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, कर्नाटक-तेलंगणाचं कार्डसुद्धा चालतं. पहिल्यांदा सोबत जा. दुकानदाराला माहीत असतं, पण सोबत कुणी असलं की लवकर आठवतं.

पैशाचं थोडक्यात. संस्था काढायची घाई करू नका. सात माणसं जमवली की १८६० च्या कायद्याखाली नोंदणी होते, मग १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात, मग दरवर्षी हिशेब तपासणी, कुणी सोडून गेलं की चेंज रिपोर्ट. आणि याच्या कितीतरी आधी अध्यक्ष कोण यावरून भांडण. पहिली दोन वर्षं वस्तू आणि वेळ घ्या, रोकड घेऊ नका. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळांना लागते तशी त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी लागते, हे पोरांना माहीतच असतं, तरी विसरतात. जुने कपडे घेताना मी एकच करते: देणाऱ्यासमोर पिशवी उघडते. फाटकं निघालं तर परत. एकदा-दोनदा लोक रागावले, आता धुऊन, इस्त्री करून आणतात.

वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांना नाही म्हणायची मला अजून हिंमत होत नाही. पण फोटो बंद. एका मुलीचा दप्तर घेतानाचा फोटो मी हौसेनं ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत तिच्या गावच्या माणसांपर्यंत गेला. आई मला म्हणाली, "बाई, आमी भीक मागायलोय असं दिसतंय त्यात." मी तो पुसला, पण पुसून काय होतं! आणि बालकल्याण समितीसमोर गेलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा काहीही उघड करायला बालन्याय कायद्यातच बंदी आहे, कलम ७४.

आता अवघड भाग, काम करणारी मुलं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे आणि विडीचं काम तर १९८६ च्या कायद्यापासूनच मुलांसाठी बंद आहे. पण सोलापुरात विडी घरात वळली जाते आणि घरात कायदा वाकून शिरतो. मी स्वतः सात वर्षांची असल्यापासून आईच्या सुपाशेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करायची. अंगठ्याच्या नखानं. नख झिजून सपाट व्हायचं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा आणि कैचीनं तेंदूपत्ता चौकोनी कापायचा, हे आठवीपर्यंत केलं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी कागदाचे चौकोन कापायला सांगितले तर मी हात बांधून बसून राहिले. छडी खाल्ली, कापले नाहीत. हल हाऊसच्या पहिल्या नाताळात गोळ्या वाटल्या तेव्हा काही चिमुरड्या मुलींनी त्या घ्यायला नकार दिला, असं जेननं लिहिलंय. त्या गोळ्यांच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत काम करत होत्या, गोळी डोळ्यांसमोर नको वाटत होती. हे वाचून मी झेरॉक्स पालथी घालून बराच वेळ बसले होते.

म्हणून, आईला मदत करणाऱ्या पोरीच्या घरी पोलीस नेऊ नका. आईशी बोला, पोरीला शाळेच्या वेळेत शाळेत बसवा. पण हॉटेलात, गॅरेजात, भट्टीवर दुसऱ्याचं पोर राबताना दिसलं, मार दिसला, आई-बाप जवळ नसले, तर १०९८ लावा. फोन फुकट असतो, दिवसरात्र चालतो. मालकाशी स्वतः हुज्जत घालायची नाही, पोर रातोरात दुसरीकडं हलवलं जातं. स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर एकटं मूल सापडलं तर कितीही दया आली तरी घरी आणून ठेवायचं नाही. १०९८ ला किंवा रेल्वे पोलिसांना कळवायचं, २४ तासांच्या आत ते बालकल्याण समितीसमोर गेलं पाहिजे. तोवर त्याच्याशेजारी बसा, खायला द्या, नाव दहादा विचारू नका. आई-बाप दोन्ही किंवा एक गेलेलं मूल नातेवाइकांकडं असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. अनाथालयात घालायच्या आधी हे बघा. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ साली टाकून दिलेल्या बाळांसाठी बालकाश्रम काढला, तेव्हा त्या बाळांना दुसरा आसरा नव्हता. आज आजी असेल, मावशी असेल, तर आधी तिचा हात बळकट करता येतो.

भाषेचं एक राहिलं. दोन-तीन भाषांत "जेवलास का" एवढं तरी शिका. तेलुगूत "तिन्नावा?", कानडीत "ऊट आतेन?" उच्चार चुकला की पोरं हसतात आणि मग स्वतः शिकवायला लागतात. जेननं एकदा रस्त्याच्या कडेला एक इटालियन म्हातारी टकळीवर सूत कातताना बघितली. या बायकांची पोरं कारखान्यात जायला लागली होती आणि आयांची त्यांना लाज वाटायला लागली होती. १९०० साली तिनं हल हाऊसमध्ये अशा बायका-पुरुषांना चाती, चरखे, माग घेऊन बसवलं आणि लोकांना बघायला बोलावलं. आईभोवती जमलेली गर्दी बघून मुलींचा नूर बदलला. मी आमच्या वर्गात एक जुने विणकर ताता आणले. धोटा, कांडी, फणी, ताणा कुठला, बाणा कुठला, सगळं त्यांनी तेलुगूत सांगितलं, त्यांच्या नातवानं मराठीत. हा नातू एरवी "मला तेलुगू येत नाही" म्हणायचा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढं चालत्या मागावर कापड विणतात, ते बघायला त्या वर्षी आमचा सगळा वर्ग गेला. वीटभट्टीवाल्यांना विटा पाडायला लावा, ऊसवाल्यांना मोळी बांधायला लावा. मास्तरांना ती बांधता येत नाही हे पोरांनी बघितलं की पुढचे दोन महिने बरे जातात.

आणि आता पाठवणी. जेनबरोबर काम करणारी ग्रेस अ‍ॅबट १९०८ पासून शिकागोत परदेशी लोकांच्या मदतीची एक संस्था चालवायची. एकट्या येणाऱ्या मुलींची नावं बंदरावरून मागवून घ्यायची आणि दिलेल्या पत्त्यावर त्या पोचल्या का, हे घरी माणूस पाठवून बघायची. काही पोचलेल्याच नसायच्या. पुढं १९२१ ते १९३४ ती अमेरिकेच्या सरकारी बालक खात्याची प्रमुख होती, पण मला ती या पत्त्यांमुळं लक्षात राहिलीय. आपलं काम उलट्या दिशेचं. टोळी निघायच्या पंधरा दिवस आधी मुकादमाकडून तारीख काढून घ्या. शाळेतून हमी पत्रकावर हजेरी आणि काय शिकला ते लिहून घ्या. अंगणवाडीतून लसीच्या नोंदी कार्डावर उतरवून घ्या. गावच्या गुरुजींना फोन करून सांगा, अमुक तारखेला पोर पोचतंय. मग आठ दिवसांनी परत फोन: आलं का? माझ्या वहीत "पोचलं" असा शिक्का मारायचा रकाना आहे, तो रिकामा राहिला की झोप लागत नाही.

ट्रक पहाटे चारला निघतो, म्हणून कागद आदल्या संध्याकाळीच नेऊन द्या, भांडी बांधायच्या आत. आईच्या हातात देऊ नका, ते गाठोड्यात जातात आणि सापडत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थोरल्या पोराच्या दप्तरात ठेवा. सतराच्या पाढ्यावाल्याकडं दप्तर होतं तेव्हा. त्यानं पिशवी पाटीच्या मागं सरकवली, बक्कल लावलं आणि बहिणीला कडेवर घेऊन टपावर कुठली जागा मिळते ते बघायला गेला.